माझे ओरिजिनल परत द्या

“तू नको. तिला काढू दे,” मॅडम म्हणाल्या.

माझी आई पुढे आली होती. तिथंच थांबली.

धारवाडातल्या एका खासगी दवाखान्याची स्पेशल रूम. पलंगावर मोठ्या डॉक्टरांची आई. खुबा मोडलेला, तीन आठवडे आडवी. अंगाखाली बेडपॅन. खुर्चीत तिचे यजमान. ते लष्करात डॉक्टर होते, रिटायर झालेले. सगळा दवाखाना त्यांना कर्नलसाहेब म्हणायचा. शेजारी मॅडम, मोठ्या डॉक्टरांची बायको. दवाखान्याचा कारभार त्यांच्याकडे, आणि वरच्या मजल्यावरची नर्सिंगची डिप्लोमा शाळाही. दाराशी दोन शिकाऊ पोरी, बीपीचं मशीन घेऊन. आणि खोलीच्या मधोमध मी. हातात सेकंड पीयूसीचं, म्हणजे बारावीचं, मार्क्स कार्ड.

“नर्स व्हायचंय ना? नोडोण, बघू या. हात चालतात की नुसतं तोंडच चालतं.”

मॅडमनी स्वतःच्या हाताने सासूच्या अंगावरची चादर वर केली. सगळ्यांसमोर. पडदा ओढला नाही. म्हातारीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी मार्क्स कार्ड खिडकीत ठेवलं. पलंगाजवळ गेले. म्हटलं, “आजी, कंबरेखाली हात घालते. दुखलं तर सांगा.” डावा हात घातला, उजव्याने पॅन काढलं. थेंब सांडला नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सुट्टीत आईबरोबर येऊन बसायचे, बघायचे. तेवढंच. चादर मी खाली ओढली. आजींचे डोळे मिटलेले होते आणि पापण्यांखालून पाणी येत होतं.

कर्नलसाहेब हसले. टाळी वाजवली.

“वा! हात बसलाय की. मग ऑफिसर कशाला व्हायचं? हेच कर.”

शिकाऊ पोरी हसल्या. मॅडम हसल्या. माझी आईही हसली. तिचं हसणं मला जास्त लागलं.

मी काय गुन्हा केला होता? एक प्रश्न विचारला होता. नर्सिंगची डिग्री करून लष्करात अधिकारी होता येतं असं कॉलेजच्या बोर्डावर वाचलं होतं. बोर्डावर दोनच ओळी. आमच्या घरात किंवा गल्लीत कुणाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. आई म्हणाली, “आमचे सायब मिल्ट्रीत हुते की. त्यांनाच इचारू.” मोठ्या विश्वासाने घेऊन आली. येताना मला नवा ड्रेस घालायला लावला.

मी विचारलं, “सर, कुठली डिग्री घेतली तर लष्करात नर्सिंग ऑफिसर होता येतं?”

त्यांनी पेपर खाली ठेवला. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग आईकडे बघितलं. तिची हिरवी साडी. आयांना हिरवी साडी होती. सिस्टर लोकांना छातीवर नावाची पट्टी असायची, आयांना नसायची. अकरा वर्षं ती तिथे होती आणि अकरा वर्षं तिचं नाव ‘ए आया’ होतं.

“लष्करातली नर्स म्हणजे कोण, ठाऊक आहे का तुला?” ते म्हणाले. “लेफ्टनंट. कमिशन मिळालेली ऑफिसर. सहा फुटी जवान तिच्यापुढे टाच जुळवून उभा राहतो. मेसमध्ये आमच्या शेजारी बसून जेवते. तिथं घराणं बघतात. बोलणंचालणं बघतात. तू? आयाची पोरगी?”

त्यावर मॅडम म्हणाल्या, “थांबा मामंजी, परीक्षाच घेऊ.” आणि मग ते भांडं.

बाथरूममध्ये मी पॅन गरजेपेक्षा जास्त जोरात घासत होते. घाणीमुळे नाही. घाण मला नवी नव्हती. माझ्या आईने तीच धुऊन मला वाढवलं होतं, आणि आजारी माणसाची घाण काढणं यात मला आजही काही कमी वाटत नाही. जळत होतं ते दुसरंच. त्या बाईची लाज त्यांनी माझी गंमत करायला वापरली होती. नवरा समोर बसलेला. सून समोर उभी. दोघंही शिकलेली. पडदा ओढायला हवा हे त्यांच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं. मला सुचलं होतं. पण मी बोलले नाही. अठराची होते, घाबरले.

आई आत आली. कुजबुजली, “मनाला लावून घेऊ नको गे. मोठी माणसं. चेष्टा करत्यात.”

“तू का हसलीस?”

तिने पॅन माझ्या हातातून घेतलं आणि परत धुतलं. मी धुतलेलंच.

त्या दिवशी रायापूरला घरी परत जाताना बसमध्ये माझ्या डोक्यात कर्नलसाहेबांचं बोलणं फिरत होतं. चिडून चिडून मी तेच तेच आठवत होते आणि अचानक लक्षात आलं, की माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या माणसाने देऊन टाकलं होतं. लेफ्टनंट. कमिशन. शेजारी बसून जेवण. मला दुखवायला त्याने जे जे मोजून सांगितलं, ते सगळं खरं होतं. ते होऊ शकतं. एखाद्या बाईचं होतं. मग माझं का नाही?

आमचं मूळ गाव अळणावरजवळ. मी लहान असतानाच अप्पा धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात कंत्राटी कामाला लागले आणि आम्ही रायापूरला दोन खोल्यांत आलो. घरात मराठी, बाहेर कन्नड, शाळेत दोन्ही. अप्पा मितभाषी. त्यांना माझा एकच अभिमान होता, की मला सायन्स मिळालं.

लष्कराच्या स्वतःच्या नर्सिंग कॉलेजात शिकायचं तर ‘नीट’ परीक्षेचे मार्क लागतात, हे मला उशिरा कळलं. परीक्षा दिली होती, पण क्लास लावला नव्हता. निकाल आला. मार्क कमी पडले. तिकडून बोलावणं येण्यासारखे नव्हते. आई म्हणाली, “झालं ना समाधान?” त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच सुटल्यासारखं झालं होतं.

आठ दिवसांनी ती दवाखान्यातून हसत आली. हातात पेढ्याचा पुडा. मॅडमनी निरोप दिला होता. मुलीला आमच्या शाळेत घाला. डिप्लोमा करू दे. फी नको. शिकून झाल्यावर इथेच नोकरी, पाच वर्षांचा बॉन्ड. आणि ओरिजिनल कागद तोवर ऑफिसात जमा.

“फुकट शिकवत्यात,” आई म्हणाली. “त्या दिवशी तुझा हात बघितला त्यांनी. आवडला.”

अप्पांनी पेढा तोंडात टाकला. शेजारच्या अक्का आल्या, त्यांनाही दिला. सगळं ठरलंच होतं. मला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शांतक्काला गाठलं. ती त्याच दवाखान्यात स्टाफ सिस्टर. चाळिशीची, सडपातळ, एकटी राहणारी. तिने डिप्लोमाच केला होता. जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यात बसून डबा खायची. मी तिच्या पायरीखाली बसले आणि विचारलं.

ती भाकरी खात राहिली. मग कन्नड आणि मराठी मिसळून म्हणाली, “मलाही लष्करात जायचं होतं. सांगितलंय का कधी तुझ्या आईनं? नाही, तिला ठाऊकच नाही. डिप्लोमावर तिकडचा फॉर्म भरता येत नाही. डिग्री लागते. चार वर्षांची बीएस्सी. डिप्लोमा केलास तर वर आणखी दोन वर्षं शिकून डिग्री घ्यावी लागते. होतं तसंही. पण मधे यांचा बॉन्ड. मी रजा मागितली शिकायला. सोडलं नाही. कागद त्यांच्याकडे. बॉन्ड संपला तेव्हा बाप आजारी. मग वय गेलं.”

“मग मी काय करू?”

“सरकारी कौन्सेलिंगला जा. बीएस्सी नर्सिंगला तुझी सीईटी बघतात. सरकारी सीट मिळाली तर घे. कुठलीही. चार वर्षं घासून काढ. नंतर लष्कराचा अर्ज. परीक्षा, मुलाखत, मेडिकल. लांबचा रस्ता आहे. पण दार उघडं राहतं.” मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, “आणि मी सांगितलं हे कुणाला सांगू नकोस.”

आज सांगतेय. शांतक्का ती नोकरी सोडून आता गावी असते, तिची परवानगी घेतली आहे.

मी सीईटी दिलेलीच होती. घरी येऊन कौन्सेलिंगचं बघितलं. कागद तपासणीची तारीख सोमवारची. तपासणीला ओरिजिनल लागणार होते. मी ट्रंक उघडली. दहावीचं कार्ड नाही. पीयूसीचं नाही. टीसी नाही. जातीचा दाखलाही नाही.

“आई, माझे कागद?”

“दिले की सकाळी मॅडमना.”

ती भाजी चिरत होती. वर बघितलंसुद्धा नाही तिने.

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, “ओरडायलीस काय? अकरा वर्षं त्या दारात राबले, तवा ही सीट मिळाली. तुला काय मिल्ट्रीत कोण पायघड्या घालणार हाय?” अप्पा म्हणाले, “जाऊ दे ना बाळ. नर्स ती नर्सच.”

नर्स ती नर्सच. ते कर्नलसाहेबसुद्धा असं म्हणाले नव्हते. त्या माणसाला फरक पक्का ठाऊक होता. म्हणून तर तो हसला. फरक ठाऊक नव्हता आम्हालाच.

शुक्रवारी सकाळी मी एकटी दवाखान्यात गेले. वरच्या मजल्यावर डिप्लोमाच्या ॲडमिशन चालू होत्या. बाकावर पंधरावीस मुली, त्यांचे आईबाप. बहुतेक खेड्यातले. मांडीवर पिशव्या, पिशव्यांत कागद. मॅडम टेबलामागे. मला बघून म्हणाल्या, “आलीस? बस. तुझा युनिफॉर्म मापायचाय.”

“मॅडम, माझे ओरिजिनल परत द्या.”

“कशाला?”

“मला डिप्लोमा करायचा नाही. डिग्री करायची आहे.”

त्या हसल्या. तेच हसू. “अजून ते मिलिटरीचं खूळ आहे का? अगं, आम्ही तुझ्या आईकडे बघून देतोय हे. उपकार समज. कागद आता संस्थेत जमा झालेत. बॉन्ड संपला की मिळतील.”

एक गोष्ट मी बसमध्ये पाठ करून आले होते.

“बॉन्डवर सही कुणाची आहे?”

“तुझ्या आईची.”

“मी अठरा पूर्ण आहे. माझी सही नाही. माझे कागद माझ्या सहीशिवाय तुम्हाला ठेवता येत नाहीत. आत्ता द्या. नाही दिले तर मी इथून पोलीस ठाण्यात जाते.”

खरं तर पोलीस ठाण्यात काय बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं. पण आवाज मोठा निघाला. बाकावरची कुजबुज थांबली. एक म्हातारा शेतकरी, मुलीला घेऊन आलेला, उठून उभा राहिला आणि मॅडमना म्हणाला, “वापस कोडूदिल्लेन्री?” कागद परत देत नाही काय? त्याच्या मागून एक बाई तेच विचारू लागली. मग तिसरा. ज्यांनी पिशवीतून कागद काढले होते, त्यांनी ते परत पिशवीत घातले.

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्यांनी कपाट उघडलं. माझी फाइल काढली आणि टेबलावर न ठेवता माझ्या पायाशी फेकली. कागद पसरले.

“घे. आणि उद्यापासून आईला पाठवू नकोस.”

मी वाकले. एकेक कागद उचलला. दहावी. पीयूसी. टीसी. दाखला. प्रत्येकावर माझं नाव आहे का ते बघितलं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी सावकाश बघत होते. घाई केली नाही. वाकण्यात मला कमीपणा वाटला नाही. फेकणारी मी नव्हते.

खाली गेटजवळ आईने मला गाठलं. निरोप तिच्यापर्यंत आधीच पोचला होता. हिरव्या साडीतच होती. तिने भर रस्त्यात माझ्या थोबाडीत मारली. एकदा. मग दुसऱ्यांदा.

“माझ्या पोटावर पाय दिलास,” ती म्हणाली.

मी रडले नाही. कागद छातीशी धरून सरळ सुभाष रोडला गेले, झेरॉक्स काढल्या. गाल हुळहुळत होता. दुकानदार बघत होता. बघू दे म्हटलं.

यानंतर सगळं गोड झालं असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. मला हुबळीच्या एका कॉलेजात सरकारी सीट मिळाली. आईला चार महिने काम मिळालं नाही. धारवाडातल्या दुसऱ्या दवाखान्यात विचारलं तर तिथे आधीच फोन गेलेला. शेवटी अप्पांच्या ओळखीने बेलूरला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये लागली. भांडी घासायला. मोठ्या पातेल्यांत वाकून वाकून तिची पाठ गेली. ती चार महिने माझ्याशी बोलली नाही. माझं ताट वाढायची, शब्द नाही. आजही भांडण झालं की म्हणते, “तुझ्या तोऱ्यापायी.” मी ऐकून घेते. तिचं नुकसान खरं आहे. ते माझ्यामुळे झालं हेही खरं आहे. पण ते केलं कुणी, हे मात्र मी विसरत नाही. ती विसरली तरी.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. चार वर्षांत वॉर्ड पाहिले, माणसं मरताना पाहिली, बाळंतपणं केली. पहाटे उठून पळते. वजन, उंची, नजर, सगळं तपासून घेतलंय. अर्जाची जाहिरात कधी येते त्यावर डोळा ठेवून असते.

मागच्या महिन्यात कॉलेजात मुलाखतीचा सराव झाला. लष्कराचा अर्ज भरणाऱ्या आम्ही तिघी. समोर आमच्या एक लेक्चरर. बाई वाईट नाहीत. मन लावून शिकवतात. त्यांनी माझा सरावाचा फॉर्म बघितला आणि आईच्या व्यवसायावर बोट ठेवलं. मी तिथे ‘पूर्वी दवाखान्यात आया, आता कँटीनमध्ये भांडी घासते’ असं लिहिलं होतं.

“हे असं लिहू नकोस,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “गृहिणी लिही. पॅनेलवर सगळे सीनियर ऑफिसर असतात. इम्प्रेशन पडतं. तुझ्या भल्यासाठी सांगते.”

भल्यासाठी. या शब्दाची मला आता चीड आहे.

एक कबूल करायला हवं. चार वर्षं या कॉलेजात मीही हेच करत आले होते. कुणी विचारलं की म्हणायचे, “आई हॉस्पिटलमध्ये असते.” मैत्रिणींना वाटायचं सिस्टर असेल. मी त्यांना तसं वाटू द्यायचे. एकदा आई हॉस्टेलवर चटणीचा डबा द्यायला आली, तर मी तिला गेटवरूनच परत पाठवलं. खोलीत आणलं नाही. तिने का ते विचारलं नाही. तिला कळलं होतं. कर्नलसाहेबांनी एकदाच हसून घेतलं होतं. मी तर चार वर्षं तेच करत होते, बिनआवाजाचं.

म्हणून त्या फॉर्मवर मी खरं लिहिलं होतं. आणि आता एक शिकलेली, चांगली बाई मला ते खोडायला सांगत होती. पेनही तिनेच पुढे केलं.

“मॅडम, मी खोडणार नाही.”

“अगं, सिलेक्शन हवंय की नको तुला?”

“हवंय. याच्यासकट हवंय.”

त्या चिडल्या. म्हणाल्या, “हट्टी आहेस. असल्या गोष्टीवरून संधी घालवशील.”

घालवेन. मग पुढच्या वेळी परत भरेन. त्याच्या पुढच्या वेळी परत. वय चालतंय तोवर भरत राहीन, आणि दर वेळी त्या रकान्यात तेच लिहीन. घराणं बघायचं असेल त्यांनी बघावं. हे माझं घराणं.

सराव संपायचा होता. बाईंनी सुस्कारा टाकला, पाठ ताठ केली आणि पॅनेलवरच्या ऑफिसरसारखा जड आवाज काढून विचारलं, “तुमची आई काय करते?”

मी म्हटलं, “माझी आई अकरा वर्षं दवाखान्यात आया होती. तिची नोकरी माझ्यामुळे गेली. आता ती भांडी घासते. पुढचा प्रश्न विचारा.”